शेऱ्याचा रकाना

शाळेत शिकवणाऱ्या माणसाला दिवसातून सर्वांत अधिक वेळा कोणता प्रश्न ऐकावा लागत असेल, असे तुम्हाला वाटते? पृथ्वी फिरते तर आपण पडत कसे नाही, हा नव्हे. 'सर, एकीला जाऊ?' हा. हाताची करंगळी वर, एक पाय दुसऱ्या पायावर, आणि चेहऱ्यावर अशी निकड की फळ्यावरचे पानिपत त्यापुढे फिके पडावे. ज्या कोणा आद्य गुरुजींनी शरीराच्या दोन धर्मांना एक आणि दोन असे अनुक्रमांक दिले, त्यांना माझा नमस्कार असो. मुलाला लाजही वाटू नये आणि शब्दही उच्चारावा लागू नये, अशी सोय त्यांनी करून ठेवली.

पुढे मूल मोठे होते आणि शब्द संस्कृत होतो. 'लघुशंका'! शंका, आणि तीही लघु. त्यानंतर गृहस्थाश्रमात 'जरा जाऊन येतो' एवढेच उरते. कोठे आणि कशासाठी, हे ऐकणाऱ्याने समजून घ्यायचे. सरकारी कचेऱ्यांत 'प्रसाधनगृह' अशी पाटी असते. तेथे प्रसाधन करताना मी अद्याप कोणाला पाहिलेले नाही. वय वाढते तसा हा शब्द आखडत जातो, आणि साठीनंतर, ज्या वयात त्याची खरोखरी गरज पडते त्याच वयात, तो पार नाहीसा होतो.

मी लिहितो आहे ते पुरुषांच्या एका दुखण्याविषयी. लघवी आपल्या ताब्यात न राहणे, नकळत होणे, पोचेपर्यंत न थांबणे, हे ते दुखणे. दिवाळी अंकात हा विषय कशाला, असे काही वाचकांच्या मनात येईल. फराळाच्या ताटाशेजारी हा अंक पडलेला असेल हे मी जाणतो. पण त्याच ताटाच्या पलीकडे, दाराजवळची खुर्ची धरून बसलेले कोणी वडीलधारे असण्याचा संभव आहे. हे त्यांच्यासाठी आहे.

तसे पाहिले तर या बाबतीत आपल्याकडच्या पुरुषाइतका मोकळा प्राणी दुसरा नसेल. भिंत दिसली की ती आपलीच. लोकांनी कंटाळून भिंतींवर देवादिकांच्या चित्रांच्या फरशा बसवल्या, तेव्हा हा दोन पावले पुढे सरकला. बाईला मात्र बाजारच्या दिवशी सकाळपासून पाण्याचा घोट टाळावा लागतो, कारण तिला जागाच नाही. मुंबईत २०११ पासून बायकांना त्यासाठी चळवळ करावी लागली. असा हा मोकळा पुरुष. पण तेच पाणी त्याच्या इच्छेवाचून आले की त्याची वाचा बसते. बायका निदान एकमेकींजवळ बोलतात. शिंकताना, खोकताना होणारी फजिती बहीण बहिणीला सांगते, जाऊ जावेला सांगते. पुरुषांच्या पारावर निवडणुकीपासून शेजाऱ्याच्या बांधापर्यंत सर्व काही निघते. हे निघत नाही.

ही लाज किती जुनी आणि किती महाग आहे, याचा एक दाखला इतिहासात आहे. टायको ब्राहे हा डेन्मार्कचा थोर ज्योतिर्विद. दुर्बीण निघण्यापूर्वी नुसत्या डोळ्यांनी त्याने ग्रहांची जी स्थाने टिपली, त्यांच्या आधारावर केप्लरने ग्रहगतीचे नियम बसवले. १६०१ च्या ऑक्टोबरात प्राग शहरी एका सरदाराकडे हा मेजवानीला गेला. लघवीची निकड लागली, पण यजमानाच्या आधी ताटावरून उठणे शिष्टाचाराला सोडून होते, म्हणून बसून राहिला. घरी आल्यावर लघवी अडली ती अडलीच. ११ दिवसांनी, वयाच्या ५४ व्या वर्षी, तो वारला. हकीगत केप्लरनेच लिहून ठेवली आहे. पुढे कोणी विषप्रयोगाचा संशय काढला. परंतु २०१० साली त्याचे अवशेष उकरून तपासले, तेव्हा पाऱ्याने तो मेला नाही असेच दिसले. आकाशातला कोन अचूक मोजणाऱ्याला 'जरा जाऊन येतो' हे चार माणसांत म्हणता आले नाही!

उलट दुसरा दाखला बेंजामिन फ्रँकलिनचा. वीज आणि पतंग यांच्या प्रयोगामुळे तो आपल्याला पाठ्यपुस्तकातून ठाऊक आहे. त्याच १७५२ साली बोस्टनमधल्या त्याच्या थोरल्या भावाला मूत्राशयातल्या खड्याने बेजार केले होते. त्या काळच्या ताठ नळ्या घालताना रोग्याचे फार हाल होत. फ्रँकलिन स्वतः चांदीकाम करणाऱ्या कारागिराजवळ गेला आणि लवचीक नळी करवून घेऊन भावाला पाठवली. भावाच्या लघवीची गोष्ट आहे म्हणून त्याने मान फिरवली नाही. मला तर पतंगापेक्षा ही नळीच मोठी वाटते.

आता आमच्या घरची गोष्ट सांगतो. सांगायला अण्णांची परवानगी घेतली आहे. "नाव छापू नकोस, बाकी छाप," असे ते म्हणाले.

अण्णा म्हणजे माझे वडील. वय ७६. तलाठी म्हणून कृष्णाकाठच्या अनेक गावांतून हिंडून निवृत्त झाले. पांढरे स्वच्छ धोतर, खिशाला पेन, आणि दर एकादशीला विठ्ठलाच्या देवळात भजनाची पेटी त्यांच्यापुढे. रात्री नऊला बसलेला माणूस पहाटेच्या काकड्यालाच उठे. तीन वर्षांपूर्वी हे सारे हळूहळू बदलू लागले. प्रथम ते पेटी सोडून टाळकऱ्यांत, मग टाळकऱ्यांतून खांबाजवळ, मग खांबाजवळून पायरीवर आले. एके एकादशीला गेलेच नाहीत. "गुडघे धरतात," म्हणाले. धोतर गेले आणि काळपट विजार आली. लग्नाकार्याला जाणे संपले. एस.टी.चा प्रवास म्हटला की त्यांना काही तरी काम निघे. दुपारनंतर पाणी पिणे बंद. खोलीत कापूर जळू लागला.

गावाने आपापले अर्थ लावले. भजनी मंडळींना वाटले, नव्या पेटीवाल्या पोराला पुढे बसवले याचा राग आला. आमच्या आत्याबाई म्हणाल्या, म्हातारपणी देवावरचा विश्वास उडाला. आई काहीच म्हणत नसे. तिला सर्व ठाऊक होते. पहाटे चारला उठून ती परसातल्या दगडावर कपडे धूत असे. विचारले तर म्हणे, "झोप येत नाही रे, पडून काय करू?" पन्नास वर्षांच्या संसारात जे एकमेकांचे झाकायचे, ते ती झाकत होती.

हे कोडे माझ्या सात वर्षांच्या धाकट्याने फोडले. आमचे घर जुने, संडास-मोरी परसात. रात्री उठायचे तर अंगण ओलांडावे लागते. याला अंधाराची भीती, म्हणून याने आजोबांना सोबतीला धरले. दोघांची ही वारी रात्री दोनतीनदा होई, हे आम्हाला ठाऊक नव्हते. एके सकाळी चहाच्या वेळी हिने त्याला टोकले, "एवढा मोठा झालास, आता विजार ओली करायची नाही हं!" तेव्हा तो तोंड वर करून म्हणाला, "आजोबांची पण होते. आम्ही दोघं मिळून बदलतो."

चहा पिणारे सगळे थांबले. अण्णांनी कप खाली ठेवला. मला वाटले, आता ते उठून जातील. पण ते नातवाकडे पाहून म्हणाले, "खरं आहे बाबा. तू लहान म्हणून, मी म्हातारा म्हणून." मग माझ्याकडे न पाहता विचारले, "कुणी डॉक्टर आहे का रे यातला?"

तालुक्याच्या गावी होता. तरुण माणूस, पण ऐकून घेणारा. त्याने प्रथम औषध दिले नाही. म्हणाला, "आजोबा, तीन दिवस एक वही ठेवा. किती वाजता, किती मापाची, काय प्यायलात, आणि कधी आपोआप झाली. सगळं लिहून आणा."

इथे त्याने अण्णांची नाडी बरोबर पकडली. ज्या माणसाने उभा जन्म सात-बाराचे उतारे लिहिले, त्याला वही ठेव म्हणणे म्हणजे माशाला पोह म्हणणे. त्याच संध्याकाळी पट्टीने रकाने आखले गेले: अनुक्रमांक, दिनांक, वेळ, माप, आणि शेवटी तलाठ्याच्या दप्तरातला तो अपरिहार्य रकाना, शेरा. मापाचे प्लॅस्टिकचे भांडे मोरीत ठेवले. तीन दिवसांनी ती वही डॉक्टरांपुढे मी उघडून धरली.

'पहाटे ४.१०. माप ९०. शेरा: दारापर्यंत पोचलो. कडी काढेपर्यंत नाही.'

'सकाळी ९.३०. माप ७०. शेरा: सूनबाई अंगणात होती म्हणून थांबलो. भोवले.'

'दुपारी ४. माप नाही. शेरा: नातवाने नक्कल केली. हसलो. थोडे गेले.'

'रात्री ११. माप ८०. शेरा: आज एकादशी. भजन ऐकू येत होते.'

शेवटच्या नोंदीत तक्रार कशाचीच नव्हती. डॉक्टरांनी ती दोनदा वाचली, आणि मग त्यांनी अण्णांना आत नेले.

बोटाने तपासणे झाले, रक्त तपासले, सोनोग्राफी झाली. अण्णा लघवीला जाऊन आल्यावर पुन्हा पोट पाहिले, तर आत ४०० मिलिलिटर तशीच शिल्लक! निरोगी माणसाचे मूत्राशय भरल्यावर साधारण ४०० ते ५०० मिलिलिटर धरते आणि जाऊन आल्यावर जवळजवळ रिकामे होते. अण्णांचे कायमच भरलेले. डॉक्टरांनी त्यांना त्यांच्याच भाषेत समजावले. "आजोबा, मूत्राशय म्हणजे तळं. त्याच्या तोंडाशी दोन दारं. आतलं आपल्या हुकमात नाही, बाहेरचं आहे. या दारांच्या वाटेवर, पाटाला वेढून, प्रोस्टेटची गाठ बसलेली असते. तरुणपणी अक्रोडाएवढी. वय वाढलं की ती फुगते आणि पाट दाबते. तळं रिकामं होत नाही, वरून पाणी येतच राहतं, मग ते सांडतं. तुम्हाला वाटतं लघवी फार होते. खरं म्हणजे ती पुरती होतच नाही."

अण्णा म्हणाले, "म्हणजे मी तीन वर्षं पाणी तोडलं, ते फुकट?"

"फुकटच नाही, उलट. पाणी तोडलं की लघवी दाट होते, आतून चुणचुणते, बद्धकोष्ठ होतो, आणि घाई आणखी वाढते. संध्याकाळनंतर कमी करा, चहा कमी करा. दिवसा प्या."

तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचतो. माझे शिक्षण दहावीपर्यंतचे. पण शिक्षकाला न समजलेले समजून घेऊन दुसऱ्याला सांगण्याची खोड असते. मला कळले ते असे. पुरुषांचे हे दुखणे एकाच जातीचे नाही. अण्णांसारखे सांडणे ही एक जात. दुसरी घाईची: मूत्राशयाचा स्नायू उतावळा होऊन, भरले नसतानाच आवळतो, पक्षाघात, कंपवात, मधुमेह यांत हे होते, आणि कधी कारणाशिवायही होते. तिसरी खोकला-शिंकेची: कर्करोगासाठी प्रोस्टेट सबंध काढल्यावर दार ढिले पडते, पुष्कळांचे ते काही महिन्यांत, वर्षभरात सुधारते. चौथी, उठून आल्यावर दोन थेंब येतात ती. ही तर चाळिशीतल्यांनाही असते आणि निरुपद्रवी असते. वृषणांच्या मागची जागा बोटांनी हलकेच पुढे दाबून आणली की वाटेत अडकलेले थेंब तिथेच निघून जातात. आणि पाचवी, जिच्यात मूत्राशय निर्दोष असून गुडघे, नाडीची गाठ आणि अंधार यांचा दोष असतो.

प्रोस्टेट वाढणे म्हणजे कर्करोग नव्हे, हे ठळक अक्षरात लिहिण्यासारखे आहे. साठीच्या सुमाराला निम्म्या पुरुषांत ती वाढलेली आढळते. सर्वांनाच त्रास होतो असे नाही. आपल्या पूर्वजांनाही हे ठाऊक होते. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मूत्राघाताचे १२ प्रकार सांगितले आहेत आणि त्यांत वाताष्ठीला हा एक आहे: गुद आणि बस्ती यांच्यामध्ये दगडासारखी गाठ होऊन वाट अडवणारा. म्हणजे नाव होते, निदान होते. नव्हती ती फक्त आमच्या ओठावर.

गोळ्यांनी पुष्कळांचे भागते. एक जात मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू सैल करते, तिचा गुण लवकर येतो. मात्र एकदम उठताना चक्कर येऊ शकते. दुसरी गाठ हळूहळू आखडवते, तिला सहा महिने द्यावे लागतात. पण अण्णांच्या मूत्रपिंडांपर्यंत ताण पोचला होता, म्हणून प्रथम नळी घालून तळे रिकामे केले. टोकाशी इवलासा फुगा असलेली ही नळी फ्रेडरिक फोली या अमेरिकन डॉक्टराने १९३० च्या दशकात काढली. फ्रँकलिनच्या चांदीच्या नळीची ती नात म्हणायची. मग मूत्रमार्गातूनच दुर्बीण घालून गाठ आतून खरवडण्याची शस्त्रक्रिया झाली. पोटावर टाका नाही.

येथे गोष्ट संपली असती तर बरे झाले असते. नळी काढली आणि अण्णांची लघवी पूर्वीपेक्षा अधिक गळू लागली. इतके दिवस अडथळ्याशी झुंजलेले मूत्राशय चिडलेले होते. ते काही आठवडे असे वागते, हे डॉक्टरांनी आधी सांगितले होते. पण सांगणे निराळे आणि भिजणे निराळे. अण्णा दोन दिवस भिंतीकडे तोंड करून निजले. मोठ्या माणसांसाठी डायपर मिळतो, तो मी आणला. त्याच्याकडे पाहून म्हणाले, "हे मला कोण बांधणार?" आई म्हणाली, "पोरांचे लंगोट बांधले मी, तुमचा एक जड आहे का?" तीन वर्षांत या विषयावर ती मोठ्याने बोलली ते हे पहिले वाक्य. अण्णा हसले, आणि हसताना जे व्हायचे ते झाले, आणि या वेळी कोणीच तिकडे लक्ष दिले नाही.

मग व्यायाम सुरू झाला. लघवी मध्येच थांबवताना किंवा वायू दाबताना जो स्नायू आवळतो, तो आवळायचा आणि सोडायचा. दिवसातून तीन वेळा, दहादहादा. प्रत्यक्ष लघवी करताना मात्र हा खेळ करायचा नाही. डॉ. आर्नल्ड केगेल यांनी १९४८ साली हा व्यायाम बाळंतपणाने सैल झालेल्या बायकांसाठी मांडला, आणि पुढे पुरुषांनी तो उचलला. पुरुषाला येथे बाईच्या शाळेत नाव घालावे लागले, याचे मला फार समाधान वाटते. अण्णांनी त्याला भजनी ठेका लावला: आठ मात्रा धरायचे, आठ मात्रा सोडायचे. माझा धाकटा टाळ वाजवून मोजणी करी. याला काय मोजतो आहेस असे विचारले, तर म्हणे, "आजोबांचं दार."

वही त्यांनी तीन दिवसांनंतरही चालूच ठेवली. रकाने आता विरळ झाले आहेत; कारण रात्री एकदाच उठणे होते, आणि लांबच्या प्रवासाला निघताना एक जाड घडी ते अजून बाळगतात. सर्व पूर्ववत झाले असे मी म्हणणार नाही. पण गेल्या आषाढी एकादशीची नोंद मी पाहिली. माप नव्हते. शेरा होता: 'भजनास गेलो. गजर संपेपर्यंत उठलो नाही. पेटी त्या पोराचीच बरी आहे.'

वाचकहो, यातून काही घ्यायचे तर एवढेच घ्या. लघवीत रक्त दिसले, लघवी एकाएकी पूर्ण अडली, जळजळीबरोबर थंडीताप आला, किंवा पायांतले बळ जाऊन मांड्यांमधली जागा बधिर झाली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. बाकीच्यांनी वही घाला. आणि घरातल्या वडीलमाणसाने पाणी तोडले, गडद कपडे धरले, बाहेर जाणे सोडले, तर त्यांना देवाधर्माविषयी किंवा रागाविषयी विचारू नका. रात्री झोप लागते का, किती वेळा उठावे लागते, असे साधे विचारा. सांगण्याजोगी वाट मिळाली तर माणूस सांगतो.

दिवाळीत आपण उंबऱ्यावर, तुळशीपाशी, गोठ्यात दिवे लावतो. आमच्या परसातल्या वाटेवर यंदा विजेचा एक बारीक दिवा कायमचा बसवला आहे आणि दाराची कडी काढून टाकली आहे. खर्च फार आला नाही.